घरामागच्या तळ्याचा बायो फिल्टर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

सांगलीत विश्रामबागला घरामागे हजारेक लिटरचं सिमेंटचं तळं आहे. त्यात गोल्डफिश, थोडे गप्पी आणि कुंडीतली कुमुदिनी. फेब्रुवारीत त्याला पेटीचा बायो फिल्टर, म्हणजे जिवाणूंकडून पाणी साफ करून घेणारा फिल्टर, बसवला. स्पंज, बायोबॉल (जिवाणूंना बसायला जागा देणारे प्लास्टिकचे गोळे), पंप आणि यूव्ही दिवा असा सगळा संच. आता दिवाळी उलटली. फिल्टर काम चोख करतो, पण खोक्यावर 'देखभालीची गरज नाही' असं छापलंय ते साफ खोटं.

पहिले चार ते सहा आठवडे नुसता धीर धरायचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातकच. या जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये जमेपर्यंत मासे मोजके ठेवायचे, खाद्य चिमूटभर टाकायचं. पाणी नितळ दिसतंय यावर जाऊ नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, टेस्ट किट लागतंच.

खरी मेख स्पंज धुण्यात आहे. तळ्यातलंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज दोनतीनदा दाबायचा आणि परत बसवायचा. आई शेजारी उभी राहून म्हणते, "अरे, नुसता खळबळून काय काढतोस? नळाखाली धर, ब्रशनं घास की जरा!" तिला तो तपकिरी बुळबुळीत थर बघवत नाही. पण जिवाणू त्यातच असतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं. बायोबॉल तर मी सहसा हातच लावत नाही.

उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे वीज गेलीच म्हणून समजा. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पंप तासन्‌तास बंद राहिला की पेटीतलं पाणी कुजतं आणि वीज आली की तेच थेट तळ्यात जातं. म्हणून आधी पेटीत नाक घालायचं. ओल्या मातीसारखा वास असेल तर ठीक. सडक्या अंड्यासारखा असेल तर ते पाणी बाहेर सोडून द्यायचं, मगच पंप चालू करायचा. पैसे खर्च करायचेच असतील तर आणखी महागड्या फिल्टरवर घालण्यापेक्षा पंपापुरत्या इन्व्हर्टरवर घाला. वीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला 14-15 युनिट जातात, त्याची धास्ती नको.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि अमोनिया पचवताना जिवाणू पाण्याची क्षारता, म्हणजे आम्लता थोपवायची ताकद, खातात. पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) घसरला, म्हणजे पाणी आम्ल होत गेलं, की त्यांचं काम मंदावतं. शिंपल्यांचे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून पेटीत टाकले, तेव्हापासून पीएच टिकून आहे. शिवाय काठाची काळी माती वाहून आत येते आणि स्पंज चोंदतो. त्यासाठी काठाला विटांचा थर दिला.

यूव्ही दिव्यानं हिरवं पाणी निवळलं, पण भिंतीला धरलेलं शेवाळ जसंच्या तसं. ते हातानंच काढायचं. दिवा वर्षभरानं बदलायचा असतो, कारण निळा उजेड दिसत राहिला तरी त्यातला दम गेलेला असतो.

तक्रार एकच. त्याच मापाचा स्पंज इथल्या दुकानात मिळत नाही. फोमवाल्याकडून जाड छिद्रांचा तुकडा कापून आणलाय, सध्या तोच वापरतोय. बदलताना जुना स्पंज लगेच फेकू नका, काही आठवडे दोन्ही एकत्र ठेवा.