व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा, खासगी गाईडसोबत : तीन फेऱ्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आले तेव्हा पहिली फेरी झाली. सप्टेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन दुसरी आणि डिसेंबरात मैत्रिणीच्या कुटुंबासोबत तिसरी. आता मार्च आहे. घरच्यांना घेऊन व्हिएन्नाला येणारे बरेच जण विचारतात, एका दिवसासाठी एवढे पैसे घालून खासगी गाईड घ्यावा का? तीनही वेळचे अनुभव वेगवेगळे आले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अंतराचं सांगते. व्हिएन्ना ऑस्ट्रियाची राजधानी, ब्रातिस्लावा शेजारच्या स्लोवाकियाची. रोम आणि व्हॅटिकन सोडलं तर युरोपात इतक्या जवळ असलेल्या दोन राजधान्या दुसऱ्या नाहीत. साधारण 60 किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून निघून कऱ्हाडच्या थोडं पुढे. गाडीने तासभर, ट्रेननेही तेवढाच वेळ. उन्हाळ्यात डॅन्यूबवरून बोट जाते, तिला सव्वा तास लागतो. येताना प्रवाहाविरुद्ध असल्यामुळे थोडा जास्त. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात असल्यामुळे आई-बाबांचा सिंगल एंट्री व्हिसा चालला आणि चलनही युरोच. पण मूळ पासपोर्ट जवळ हवाच. सीमेवर अधूनमधून पोलीस गाड्या थांबवतात. सप्टेंबरात आमची थांबवली होती आणि सासऱ्यांचा पासपोर्ट सुटकेसच्या तळाशी होता.

पहिल्या फेरीला चौघांचे मिळून 560 युरो दिले. त्यात घरापासून घरापर्यंत गाडी, वेगळा ड्रायव्हर आणि ब्रातिस्लावात भेटणारी तिथलीच गाईड एवढं होतं. तिकिटं आणि जेवण वेगळं. रक्कम ऐकून बाबा दोन दिवस नाराज होते. ट्रेनने याच्या कितीतरी कमी पैशांत जाता आलं असतं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी ऐकलं नाही ते आईच्या गुडघ्यांमुळे. जुन्या शहरात गाड्यांना बंदी आहे, सगळीकडे दगडी फरशी आणि किल्ला टेकडीवर.

गाईड पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. गाडीतून उतरताना आईने दरवाजा कसा धरला, तेवढ्यावरून तिने दिवसाचा क्रम बदलला. किल्ल्यावर गाडी थेट वरपर्यंत नेली. तिथून शहरात पायऱ्यांनी उतरतात, पण गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट हे तिला सांगावं लागलं नाही. गाडीने खाली आणून कॅथेड्रलच्या जवळ सोडलं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बसायला जागा मिळेल अशी तिने वाट आखली होती. कुठे बाक, कुठे चर्चमधली बैठक, कुठे कॉफीचं दुकान. आई दिवसभर एकदाही ‘तुम्ही जा, मी इथेच थांबते’ म्हणाली नाही. ज्यांनी वयस्कर आई-वडिलांना युरोप दाखवलाय, त्यांना याची किंमत कळेल.

सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये 1563 ते 1830 या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक झाले. बुडा तुर्कांच्या हाती गेल्यावर हंगेरीची राजधानी इकडे हलली होती. तेव्हा या गावाला जर्मनमध्ये प्रेसबुर्ग आणि हंगेरियनमध्ये पोझोनी म्हणत. ब्रातिस्लावा हे नाव 1919 मधलं. वर पाहिलं तर 85 मीटर उंच मनोऱ्याच्या टोकाला क्रॉस नाही, सोनेरी उशीवर ठेवलेला राजमुकुट आहे. 1741 साली इथे मारिया थेरेसा या राणीचा अभिषेक झाला. रिवाज असा की अभिषेकानंतर राजाने घोड्यावरून मातीच्या टेकाडावर चढायचं आणि तलवार चारही दिशांना फिरवायची. त्यासाठी ती घोड्यावर बसायला शिकली, असं गाईडने सांगितलं. बाबांनी लगेच विचारायला लावलं, साल कुठलं? 1741 म्हटल्यावर म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे शाहू महाराज साताऱ्यात गादीवर, आणि नानासाहेब नुकतेच पेशवे झालेले.” गाईडने वही काढून ते लिहून घेतलं आणि शाहू हे नाव दोनदा म्हणून घेतलं. तिथपासून बाबा पैशांचं विसरले.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते पुढचं आहे.

कॅथेड्रलच्या दारापासून काही पावलांवर चार पदरी रस्ता धडधडत जातो आणि पुढे डॅन्यूबवरच्या मोठ्या पुलावर चढतो. 1972 साली पूर्ण झालेला हा पूल एकाच बाजूच्या मनोऱ्याला तारांनी टांगलाय, आणि मनोऱ्याच्या डोक्यावर उडत्या तबकडीसारखं रेस्टॉरंट आहे. सगळे तिथे फोटो काढतात. गाईडने आम्हाला पुलाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, आता या रस्त्याच्या जागी घरं आहेत असं समजा. पुलासाठी किल्ल्याखालची जुनी वस्ती पाडली, त्यात ज्यू मोहल्ल्याचा मोठा भाग होता. कॅथेड्रलला लागून सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, तेही 1969 साली पाडलं. आज तिथे काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर त्याची नुसती आकृती कोरलेली आहे. गाईडची आजी त्याच वस्तीतल्या एका गल्लीत राहायची. घर गेल्यावर नदीपलीकडे पेत्रझाल्काच्या काँक्रीटच्या इमारतींत तिला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. गरम पाणी होतं, लिफ्ट होती. तरी आजी मरेपर्यंत दर रविवारी पूल ओलांडून यायची आणि या रस्त्याच्या कडेला उभी राहायची.

मी हे मराठीत सांगत होते आणि बाबांचा चेहरा बदलत गेला. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा बाबा शाळकरी पोर होते. घरात हा विषय निघाला की ते उठून अंगणात जातात, मला आठवतंय तसं हे असंच. त्या दिवशी ते रस्त्याच्या कठड्याला हात टेकून बोलत राहिले. आजोबांनी दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली होती, ती नव्या घराला लहान पडली तरी बसवली. मंदिरातला देव हलवला, पण पारावरचा पिंपळ कसा हलवणार? हे मी माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते आणि तेही एका परक्या बाईला त्याचं इंग्रजी करून सांगताना. तिने विचारलं, उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर जाता का तिकडे? बाबा म्हणाले, “तिला सांग, तुझी आजी जायची तशीच माझी आई जायची. काठापर्यंत.”

हे कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं, मान्य आहे. पण वीस जणांच्या घोळक्यात, पुढे झेंडा धरून चाललेल्या गाईडमागे हे झालं नसतं. आम्ही त्या कठड्याशी अर्धा तास उभे होतो आणि त्या बाईने एकदाही घड्याळ बघितलं नाही.

जेवणाचं थोडक्यात. ब्रिंद्झोवे हालुश्की म्हणजे बटाटा आणि पिठाच्या उकडलेल्या बारीक गोळ्या, त्यावर मेंढीच्या दुधाचं आंबटसर चीज. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधीच सांगावं : ‘बेझ स्लानिनी’. सूपांतही मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. आईला खरं आवडलं ते ब्रातिस्लावस्की रोझोक, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. घोड्याच्या नालेच्या आकाराचा खसखशीच्या सारणाचा, आणि अर्धगोल अक्रोडाचा. एक तुकडा मोडून आत बघितलं आणि म्हणाली, “अगं, ही तर भाजलेली करंजी.” एक डबा साताऱ्याला न्यायचा होता. पण त्यांचं विमान दुबईमार्गे होतं आणि तिथे खसखस नेणं गुन्हा आहे, अगदी सामानातूनही. त्यामुळे अक्रोडाचेच दिले. हे लक्षात ठेवा.

दुपारी देवीनला गेलो. मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथल्या कड्यावर हा पडका किल्ला आहे. 1809 साली नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. समोरचा काठ ऑस्ट्रियाचा, इतका जवळ की पलीकडचा सायकलवाला दिसतो. कम्युनिस्ट राजवट होती तोवर, म्हणजे 1989 पर्यंत मात्र या काठाला काटेरी तार होती. पळून जाताना मारले गेलेल्यांचं स्मारक खाली नदीकाठी आहे. त्या वर्षी सीमा मोकळी झाली आणि 10 डिसेंबरला हजारो लोक ब्रातिस्लावाहून चालत ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्गला गेले होते, त्यांत आमची गाईडही होती, वडिलांचा हात धरून. परत जाताना त्याच हाइनबुर्गच्या वेशीतून आमची गाडी गेली. बाबांनी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

आता सप्टेंबरची फेरी. पहिल्या वेळची गाईड मोकळी नव्हती, म्हणून एका वेबसाइटवरून दुसऱ्या कंपनीचं बुकिंग केलं. कंपनीचं नाव घेत नाही. पैसे जवळपास तेवढेच. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. चालवणाराच गाईड होता आणि तो रस्त्यात समोर बघून बोलायचा. मागच्या सीटवर सासऱ्यांना एक शब्द कळत नव्हता, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. शहरात त्याला पार्किंग शोधायचं, म्हणून आम्हाला चौकात उतरवून एका दुसऱ्या गाईडच्या हाती दिलं. तिच्यासोबत आधीच दहा-बारा माणसं होती. ‘प्रायव्हेट’ फक्त गाडी होती. कॅथेड्रल, मायकेल गेट, गटाराच्या झाकणातून डोकावणारा तो चुमिलचा पुतळा, सगळं तासाभरात उरकलं. देवीन ‘वेळ उरला तर’ होतं, वेळ उरला नाही. पण वाइन चाखण्याच्या दुकानात पाऊण तास गेला. सासू-सासरे माळकरी आहेत, हे मी बुकिंगच्या वेळी लिहून कळवलं होतं. दोघं दुकानाबाहेर बाकावर बसून राहिले. मला त्या पाऊण तासाचा अजून राग येतो. तक्रार केल्यावर पाच आठवड्यांनी 90 युरो परत आले.

त्या दिवसातलं एकच चांगलं आठवतं. निळ्या चर्चपाशी सासूबाई रमल्या. 1913 सालची ही वास्तू ओडन लेखनर या हंगेरियन वास्तुकाराची. भिंती, नक्षी, आतली बाकं, सगळं आकाशी. लग्नाचं जोडपं बाहेर आलं आणि सासूबाईंनी नवरीला लांबून हात जोडले.

या दोन फेऱ्यांमुळे मी आता बुकिंगआधी लेखी विचारून घेते : आमच्यासोबत चालणार कोण, आणि तो माणूस दिवसभर आमच्याशिवाय आणखी कुणाला सांभाळणार आहे का. गाडी कुठली, पाण्याच्या बाटल्या मिळतात का, हे दुय्यम आहे. चालवणारा आणि सांगणारा एकच असेल तर वयस्कर माणसांसोबत घेऊ नका. शहरात शिरलं की तो पार्किंगच्या मागे आणि तुम्ही वाऱ्यावर. देवीन हवं असेल तर ते कार्यक्रमात नावानिशी लिहून घ्या. दुकानांचे थांबे नकोत, हेही लिहून घ्या. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. आणि स्वच्छतागृहांसाठी पन्नास सेंटची नाणी खिशात असू द्या.

डिसेंबरात मैत्रीण, तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा असे आम्ही ट्रेनने गेलो आणि मे महिन्यातल्याच गाईडला थेट चार तासांसाठी सांगितलं. ती स्टेशनवर घ्यायला आली होती. ख्रिसमसचा बाजार लागलेला, धुकं, हातात गरमागरम लोक्शे, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. खर्च पहिल्या फेरीच्या निम्म्याहून कमी. पायांनी धड असलेल्यांनी सरळ हेच करावं, असं माझं आता ठाम मत आहे. व्हिएन्नाहून गाडीसकट पूर्ण दिवस घ्यायचा तो ज्येष्ठांसाठी, किंवा देवीन गाठायचं असेल तर. ते शहराबाहेर आहे, बसने जाता येतं, पण वेळ मोडतो.

जुन्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यात नेपोलियनच्या काळातला तोफगोळा रुतलेला आहे. मुलाने तो स्वतः शोधायचा, गाईडने सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. सहा-सात मिनिटं तो मान वर करून उभा होता आणि ती शेजारी गप्प. सापडल्यावर जे ओरडला, बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

निघताना तिने बॅगेतून एक पाकीट काढलं. आजीच्या गल्लीच्या जुन्या फोटोची प्रत, बाबांसाठी. मागे गल्लीचं नाव आणि घर पाडल्याचं वर्ष. मी तो साताऱ्याला पाठवला. बाबांकडे गावाचा एकही फोटो नाही, तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे. जानेवारीत त्यांनी वहीच्या पानावर पेनाने गाव काढून पाठवलं : नदी, पार, देऊळ, आमचं घर, शेजारच्यांची घरं, प्रत्येकावर नाव. मी खाली इंग्रजीत नावं लिहून ते तिला पाठवलं आहे.

जूनमध्ये काका-काकू येताहेत. तिच्याकडे 14 तारीख मागितली आहे, सासू-सासऱ्यांचं राहिलेलं देवीनही याच वर्षी करायचं आहे.