लोलकावरची चांदी उडाली आहे, काका

बंद झालेल्या मॉडेलची चांगली दुर्बीण ज्यांच्या घरी आहे आणि जे ती दुरुस्तीला देण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. माझी दुर्बीण गेली आणि ती परत मिळण्याची आशा आता फारशी उरलेली नाही. ज्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी ती स्वतःच्या हाताने देऊन टाकली, ते वाक्य खोटे आहे हे ओळखण्यापुरती माहिती त्या दिवशी मला असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

दुर्बीण निकॉनची ८×३२ एसई होती. थोरल्या भावाने ती २००४ साली अमेरिकेहून येताना आणली होती. घडण जपानची, रचना पोरो लोलकांची (प्रिझमची), म्हणजे पुढची भिंगे नेत्रिकांपेक्षा, डोळ्यांना लावायच्या भिंगांपेक्षा, एकमेकांपासून अधिक लांब असलेली, जुन्या घाटाची. वजन साधारण ६३० ग्रॅम, दृष्टिक्षेत्र साडेसात अंशांचे, आणि चष्मा न काढताही पूर्ण वर्तुळ दिसेल अशी नेत्रिका. ऐरोलीला खाडीच्या काठावर उभे राहिले की चिखलात दूरवर पसरलेल्या रोहित पक्ष्यांमध्ये (फ्लेमिंगोंमध्ये) गडद चोचीचे लहान रोहित कोणते आणि गुलाबी चोचीचे, काळ्या टोकाचे थोरले कोणते, हे तिच्यातून चटकन वेगळे करता येई. या मॉडेलचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली आहेत, पण जाणकार आजही ती शोधत असतात. तिची एकच उणीव म्हणजे ती जलरोधक नाही आणि तिच्यात नायट्रोजनही भरलेला नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या हवेत दमटपणा शिरतो आणि बुरशी धरते.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर मला ती बुरशी दिसली. नेत्रिकेच्या बाजूने टॉर्च मारून पुढच्या भिंगातून पाहिले असता उजव्या नळीत कडेला कोळिष्टकासारख्या बारीक धाग्यांचा एक पुंजका होता. वापरताना तो जाणवतही नव्हता. तो वाढण्याआधी साफ करून घ्यावी, एवढ्याच हेतूने मी मुंबईतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही.

त्याने दुर्बीण उलटसुलट करून पाहिली, आत नेली आणि दहाएक मिनिटांनी बाहेर आणून माझ्या हाती दिली. मी डोळ्यांना लावली, तर उजवीकडचे सगळे चित्र दुधाळ झाले होते. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "बुरशीचं सोडा, लोलकावरची चांदी उडाली आहे, काका. आता लोलकच बदलावा लागेल, आणि हे मॉडेल बंद झालंय. पार्ट आणायचा कुठून?" घरून निघताना स्वच्छ दिसणारी नळी दहा मिनिटांत दुधाळ कशी झाली, हे मी विचारायला हवे होते. आतल्या एखाद्या काचेवर बोटाचा ठसा उमटला तरी तसे होऊ शकते, हे मला पुढे कळले. त्या क्षणी मात्र अठरा वर्षांची सोबत संपल्याचे दुःख इतके होते की मला काही सुचले नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. पोरो लोलकावर चांदी नसते. ती उडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकाश या लोलकाच्या आतल्या पृष्ठांवर ४५ अंशांत पडतो. उंची दुर्बिणींत जी बॅक-४ जातीची काच वापरतात, तिचा सीमांत कोन, म्हणजे ज्याहून अधिक तिरका पडलेला प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही तो कोन, सुमारे ४० अंश असतो. ४५ अंश त्याहून अधिक असल्यामुळे कोणताही मुलामा नसताना सगळा प्रकाश आतल्या आत परावर्तित होतो. शाळेच्या पुस्तकात आपण जे पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो, तेच हे. सरळ नळीच्या, रूफ लोलकांच्या दुर्बिणींची गोष्ट वेगळी आहे. त्यांतल्या श्मिट-पेखान रचनेत एका पृष्ठावर आरशासारखा थर द्यावाच लागतो, त्यामुळे तेथे असे निदान किमान संभवते तरी. माझ्या दुर्बिणीच्या बाबतीत ते संभवतच नव्हते, आणि रोज दुर्बिणी उघडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

त्यानंतर त्याने तोडगा सुचवला. माझी दुर्बीण तो "सुट्या भागांसाठी" ठेवून घेणार, आणि त्याच्याकडे परदेशातून आलेली त्याच मॉडेलची दुसरी दुर्बीण मी वर २८,००० रुपये भरून घ्यायची. मी ती दुकानातच, पांढऱ्या भिंतीकडे आणि समोरच्या पाटीकडे रोखून पाहिली. बरी वाटली. पैसे भरले. हातात पडलेल्या चिठ्ठीवर "दुर्बीण, जुनी, १ नग, एक्स्चेंज" एवढेच लिहिले होते. क्रमांक नाही, दोष काय तोही नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर पाऊण तासात डोके ठणकू लागले. घरी येऊन ट्यूबलाइटखाली दोन्ही पुढची भिंगे तिरकी धरली. डावीकडे ट्यूबची प्रतिबिंबे गडद हिरवी दिसत होती. उजवीकडे त्यांतले एक जांभळट आणि एक चक्क पांढरे होते. भिंगावरचे कोटिंग शाबूत असले की प्रतिबिंब मंद आणि रंगीत दिसते. पांढरे, झगझगीत प्रतिबिंब म्हणजे त्या पृष्ठावर कोटिंग नाही किंवा ते घासून काढलेले आहे. एकेक डोळा मिटून पाहिले तर उजवे चित्र पिवळसर. मग गच्चीवरून दूरच्या विजेच्या आडव्या तारेवर दुर्बीण रोखली आणि हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच मागे नेली. दोन वर्तुळांत दिसणारी तार एका रेषेत राहिली नाही, उजवीकडे पायरीसारखी खाली उतरली. दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर नव्हते. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, पण उभ्या दिशेचा फरक त्यांना अगदी थोडाच सोसतो. डोके त्यामुळेच दुखत होते. दोन मोडक्या दुर्बिणींची मिळून ही एक केली होती, आणि ती जुळवण्याचे कामही धड झालेले नव्हते.

परत गेलो तेव्हा "जुना माल आहे, तुम्ही बघून घेतलात" हे उत्तर मिळाले. त्यावरही मी कदाचित गप्प बसलो असतो, पण सात आठवड्यांनी एका परिचितांनी विक्रीला लागलेल्या ८×३२ एसईचे फोटो मला पाठवले. "काच निर्दोष, बुरशी नाही, ६५,००० रुपये." पट्टा अडकवण्याच्या उजव्या कडीजवळचा रंग उडून आतला धातू जिथे दिसत होता, ती जागा मी दुरूनही ओळखली असती. फोटोत क्रमांकही दिसत होता. भावाने दिलेला मूळ खोका माझ्याकडे होता. त्यातल्या कार्डावर तोच क्रमांक निघाला. जिचा लोलक निकामी झाल्याचे मला सांगितले होते, ती दुर्बीण साफ करून, मी वर भरलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक भावाने विकायला ठेवली होती. मी चौकशी करताच ती जाहिरात दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि दोन वर्षांची मुदत संपण्याआधी जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क पडत नाही. अडचण पुराव्याची आहे. अदलाबदल मी राजीखुशीने केली असे चिठ्ठी सांगते. चांदीचे ते वाक्य तोंडी होते आणि ते खोटे ठरवायला लागणारी वस्तू माझ्यापाशी नाही. दोष काय आहे आणि कोणत्या भागात आहे हे क्रमांकासह लिहून मागितले असते, तर एक तर त्याने ते लिहिले नसते किंवा लिहून तो अडकला असता. भाग मिळत नाहीत हेही मी त्याच्याच तोंडून ऐकले. कंपनीला स्वतः विचारले नाही. शिवाय बुरशी साफ करायला आणि अक्ष जुळवायला बहुतेक वेळा नवा भाग लागतच नाही. काही दुर्बिणींत पुढच्या भिंगाभोवतीच्या विकेंद्री कड्या फिरवून, तर काहींत लोलक सरकवणारे स्क्रू फिरवून अक्ष जुळवतात. हे काम तुम्ही कोणत्या उपकरणावर तपासता, एवढे विचारले आणि "डोळ्यांनीच बघतो" असे उत्तर आले, तर दुर्बीण पिशवीत घालून परत यावे. जुनी दुर्बीण विकत घेताना विक्रेत्याला आजची तारीख लिहिलेला कागद क्रमांकाशेजारी ठेवून व्हिडिओ करायला सांगावे, आणि तार व ट्यूबलाइट या दोन्ही चाचण्या पैसे देण्याआधी कराव्यात. मी त्या दुसऱ्या दिवशी केल्या.

उजव्या कडीजवळ करंगळीच्या नखाएवढा रंग उडालेली आणि डाव्या नेत्रिकेच्या रबरावर आडवी बारीक चीर असलेली ८×३२ एसई कोणाला विक्रीस दिसली, तर घेण्याआधी क्रमांकाचा फोटो मागून मला अवश्य कळवावे. कार्ड माझ्याकडे आहे, क्रमांक ताडून पाहता येईल.