रिलेचा संघ : घड्याळावरून निवडावा की प्रशिक्षकाच्या निर्णयावरून?

हंगाम सुरू होण्यापूर्वी मुलांच्या जलतरण क्लबच्या समितीने जे नियम लिहून काढायला हवेत, त्यांत रिलेच्या, म्हणजे चौघांनी एकामागोमाग पोहायच्या सांघिक शर्यतीच्या, निवडीचा नियम सर्वांत नाजूक असतो. वैयक्तिक शर्यतीत मागे पडलेल्या मुलाला आपले टायमिंग दिसते आणि तो ते मान्य करतो. रिलेतून वगळलेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना मात्र कारण सांगावे लागते. समितीपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात : केवळ टायमिंग पाहून पहिले चौघे घेणे, किंवा निवड पूर्णपणे प्रशिक्षकांवर सोपवणे.

टायमिंगच्या मार्गाचे मोठे बळ म्हणजे त्यात वशिल्याचा संशय उरत नाही. लातूर, परभणी किंवा नांदेडसारख्या शहरात, जिथे पालक, पदाधिकारी आणि प्रशिक्षक एकमेकांना घरोब्याने ओळखतात, तिथे या गुणाचे मोल फार आहे. मात्र कोणते टायमिंग धरायचे, हे आधी ठरायला हवे. २५ मीटरच्या तलावात १०० मीटर पोहताना तीन टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात एकच. प्रत्येक टर्नला भिंतीचा रेटा मिळत असल्याने लहान तलावातली वेळ कमी भरते, आणि दोन्हीकडची टायमिंग एका यादीत मांडली तर ती यादीच अन्यायाची होते. स्टॉपवॉच हाताने दाबल्याने एक-दोन दशांश सेकंदांचा फरकही सहज पडतो. त्यामुळे एकाच तलावात, एकाच दिवशी, आधी जाहीर केलेली ट्रायल घेणे आणि प्रत्येक लेनला दोन घड्याळे लावणे, एवढे तरी आवश्यक आहे.

प्रशिक्षकांच्या निर्णयाची बाजू रिलेच्या स्वरूपातूनच उभी राहते. बीजिंग येथील २००८ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत अमेरिकेच्या जेसन लेझॅकने शेवटचे १०० मीटर ४६.०६ सेकंदांत पोहून फ्रान्सच्या अलॅन बर्नारला गाठले आणि अमेरिका ०.०८ सेकंदाने जिंकली. त्यानंतर वैयक्तिक १०० मीटरचे सुवर्ण मात्र बर्नारनेच मिळवले. एकट्याने पोहणे आणि संघासाठी पोहणे यांत असा फरक पडू शकतो. शिवाय दुसऱ्या ते चौथ्या पोहणाऱ्याला शिट्टीची वाट पाहायची नसते. पुढचा खेळाडू ब्लॉकच्या, म्हणजे उडी घेण्याच्या चौथऱ्याच्या, कडेला पायाची बोटे रोवून, येणाऱ्याच्या हातांची लय पाहत, वाकून हात मागून पुढे फिरवतो आणि भिंतीला टच होताक्षणी त्याचे पाय ब्लॉक सोडतात; हे जमले तर सुमारे अर्धा सेकंद वाचतो, आणि पाय टचच्या आधी सुटले तर संपूर्ण संघ बाद होतो. येणाऱ्यानेही शेवटच्या मीटरमध्ये तरंगत न येता पूर्ण हात मारत यायचे असते, नाहीतर पुढच्याचा अंदाज चुकतो. ट्रायलच्या कागदावर यातले काहीही दिसत नाही.

मेडले रिलेत, म्हणजे बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइल या क्रमात, तर केवळ यादी पाहून चालतच नाही. समजा, एका मुलीचे फ्रीस्टाइल १:०४ आणि बॅकस्ट्रोक १:१४ आहे, दुसरीचे अनुक्रमे १:०५ आणि १:२०. फ्रीस्टाइलमध्ये पहिली वेगवान म्हणून तिला तिथेच ठेवले, तर दोघींची बेरीज २:२४ होते. अदलाबदल केली तर २:१९. पाच सेकंदांचा हा फायदा बेरीज मांडणाऱ्यालाच सापडतो.

आता अपेक्षांविषयी. उपस्थितीला निवडीत गुण द्यावेत, असे अनेक पालकांना वाटते. मला ते पटत नाही. अर्धापूरहून पहाटेच्या एसटीने नांदेडला येणारे मूल आणि तलावाशेजारी राहणारे मूल यांच्या हजेरीची टक्केवारी एका मापाने मोजणे योग्य नाही. त्यातच टंचाईच्या उन्हाळ्यात तलाव बंद ठेवावे लागतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, अशा प्रदेशात पोहण्याच्या सरावाचे दिवस मुलांच्या हातात नसतात. म्हणून हजेरी ही पात्रतेची किमान अट असावी, तलाव प्रत्यक्ष सुरू असलेल्या दिवसांवर मोजलेली, आणि दहावीच्या मुलांना परीक्षेच्या काळात तीतून सूट असावी. रिलेच्या टचच्या सरावाला येणे मात्र सक्तीचे असावे, कारण तिथे एकाची गैरहजेरी तिघांचे नुकसान करते.

या सर्वांचा विचार करता मी समितीला मिश्र मार्ग सुचवीन. फ्रीस्टाइल रिलेचे चौघे आणि एक राखीव ट्रायलवरून घ्यावेत. मेडलेत सर्वांत कमी बेरीज होणारी जोडणी निवडावी. क्रम पूर्णपणे प्रशिक्षकांनी ठरवावा. चौथ्या आणि पाचव्या खेळाडूत दोन दशांशांहून कमी अंतर असेल, तेव्हाच टचचा सराव पाहून प्रशिक्षकांनी निर्णय द्यावा आणि त्याचे कारण लेखी नोंदवावे. राखीव मुलाला शक्यतो पहिल्या फेरीत उतरवावे. पहिल्या क्रमांकावर पोहणाऱ्याला वैयक्तिक शर्यतीप्रमाणेच सुरुवात मिळते आणि त्याची वेळ अधिकृत धरली जाते, त्यामुळे टायमिंग सुधारण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला तिथे संधी देता येते. हे नियम क्लबच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांपुरते आहेत, हेही पालकसभेत सांगावे. शालेय स्पर्धेत मूल शाळेच्या नावाने उतरते आणि तिथली निवड क्लबच्या हातात नसते.