घरच्या खिडकीतून मोजावं की जलाशयावर जावं?

डिसेंबर लागला की सोसायटीत कुणी ना कुणी जिन्यात थांबवून विचारतं, "यंदा पक्षीगणनेला यायचंय, कुठे येऊ?" हिवाळ्यात दोन मोठ्या गणना लागोपाठ येतात. जानेवारीत एशियन वॉटरबर्ड सेन्सस, म्हणजे पाणपक्ष्यांची गणना. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे घराच्या आसपासचे पक्षी. दोन्ही मी केल्यात. पहिल्यांदाच मोजणार असाल तर आधी घरचे पक्षी मोजा, असं मी सांगते. ते सोपं आहे म्हणून नव्हे. जलाशयांवर 1987 पासून माणसं मोजायला जाताहेत. तुमच्या गल्लीत बहुधा अजून कुणीच मोजलेलं नाही.

पाणपक्षी गणनेला पहाटे अंधारात निघायचं आणि उजाडताना काठावर पोचायचं. पाच-सहा जणांची तुकडी, एकाकडे तिवईवरची दुर्बीण, एकाच्या हातात वही. वन विभागाच्या हद्दीतली जागा असेल तर परवानगी आधी काढावी लागते. समोर पाण्यावर हजारभर पक्षी असतात. ते एकेक करून मोजता येत नाहीत. दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढा तुकडा थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. निम्म्यावर यावं आणि भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावर झेपावावा! वारकरी, थापट्या, चक्रवाक सगळे पाणपक्षी एकदम उठतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या आकड्यांना वजन आहे. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे 20,000 पाणपक्षी येतात, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी 1 टक्का तिथे असतात, हे रामसर दर्जाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरण्याचे, दोन निकष आहेत. आपल्या राज्यात तो दर्जा सगळ्यात आधी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला मिळाला. पण नवख्या माणसाला तिथे मादी बदकं सारखीच तपकिरी दिसतात, आणि तो दिवसभर वहीच धरून उभा राहतो. वही धरणंही कामाचं आहे, पण त्यातून मोजण्याची गोडी लागायला वेळ जातो.

घरच्या गणनेचे चार दिवस असतात, शुक्रवार ते सोमवार. अमेरिकेत ती 1998 मध्ये सुरू झाली, भारतात 2013 पासून आहे. इथे बर्ड काउंट इंडिया ती चालवतं. एका जागी किमान 15 मिनिटं थांबायचं, दिसलेले-ऐकलेले पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरायची. पैसे लागत नाहीत. बाल्कनीतून दुर्बिणीवाचूनही भागतं.

यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? पहिल्या वर्षी मी शिंजीर आणि तांबट तेवढे लिहिले होते. कावळे, पारवे काय लिहायचे, असं वाटलं. म्हणजे उत्तर 'नाही' असंच द्यावं लागलं. आज त्या यादीची हळहळ वाटते. सगळे पक्षी लिहिले की जो लिहिलेला नाही तो त्या वेळी दिसला नाही, हेही कळतं. शंभर पूर्ण याद्यांतून चिमणी किती याद्यांत आहे, यावरूनच ती वाढली की घटली ते काढता येतं. 2020 च्या देशव्यापी अहवालात चिमणी एकंदरीत टिकून असल्याचं, मात्र मुंबईसारख्या महानगरांत घटल्याचं दिसलं, ते अशाच याद्यांतून. 2023 च्या अहवालात सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवरून 942 जातींचा विचार झाला. एकट्यादुकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून कावळा लिहा, आणि किती ते लिहा.

आमच्या खिडकीसमोर शेवगा आहे. फेब्रुवारीत तो फुलांनी लगडतो आणि शिंजीर दिवसभर येत-जात राहतात. एकच नर दहा वेळा आला की दहा लिहायचे का? नाही. मी एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त धरते. पण नुसत्या पिवळ्या पोटाची मादी आणि पिवळ्या पोटावर मधोमध काळी पट्टी असलेला, अजून पूर्ण जांभळा न झालेला नर वेगवेगळ्या वेळी दिसले तरी ते दोन, यात शंका नाही. आईला आता लांबचं नीट दिसत नाही, पण तांबटाचं टुक टुक आणि शिंपी पक्ष्याचा आवाज माझ्याआधी तिला ऐकू येतो. कानाने ओळखलेला पक्षीही यादीत धरतात, त्यामुळे आमची यादी दोघींची असते.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडे आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं बिग गार्डन बर्डवॉच जानेवारीच्या शेवटी होतं, 1979 पासून. तिथे पूर्ण एक तास बसायचं, एका वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहायची आणि नुसते वरून उडून गेलेले धरायचे नाहीत. आपल्याकडे घिरट्या घालणारी घारही मोजतात. तिकडे राहणाऱ्यांनी दोन्ही कराव्यात, फक्त नियमांची सरमिसळ होऊ देऊ नये.

कॉलेजात असाल तर याच चार दिवसांत कॅम्पस बर्ड काउंट असतो. सोबत मिळते, चुका लगेच सुधारतात, म्हणून तो घ्यावा.

आणि पाणपक्षी? घरची गणना एकदा झाली, पंधरा-वीस पक्षी पाहताक्षणी ओळखू लागलात, की पुढच्या जानेवारीत जवळच्या तुकडीत नाव द्या. तिवईवरच्या दुर्बिणीशी तेव्हा तुमचीही पाळी येईल.

तोवर फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी सव्वासातला खिडकीत बसा. जवळपास सावर किंवा पांगारा फुलला असेल तर तिकडे आधी बघा. परतीच्या वाटेवरचा भोरड्यांचा थवा उतरला असेल, तर दहा-दहाचे तुकडे सरकवून मोजायचा सराव तिथेच होईल.