दिवा विझतो, बिल वाढतं: जुन्या पिकअपचा चेक इंजिन लाइट

जुन्या पेट्रोल पिकअपचा चेक इंजिन लाइट लागला की लुबाडणूक बहुतेकदा ठरलेल्या वाटेनं चालते. स्कॅनर लावला, पी०१७१ हा दोषाचा कोड आला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणत नवा बसवला, कोड उडवला, दिवा विझला. आठवड्यात दिवा परत. मग एअरफ्लो सेन्सर, मग इंजेक्टर, आणि पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) दिसला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा. प्रत्येक भाग खरोखर नवा असतो, म्हणून भांडायलाही जागा उरत नाही.

कोड म्हणजे खराब भागाचं नाव नव्हे. पी०१७१ एवढंच सांगतो, की इंजिनाच्या बँक १ मध्ये (पहिला सिलिंडर असलेल्या बाजूत) हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बिचारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. जुन्या इंजिनात इनटेकचं गॅस्केट आखडतं किंवा पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) रबरी पाइप वळणावर तडकतो. वरून पाइप धडधाकट दिसतो. बोटांनी वाकवला की खालच्या अंगाची चीर उघडते.

अशी गळती पकडायला स्कॅनरच्या लाइव्ह डेटातला फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते पाहायचं, शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (मुरलेला) दोन्ही मिळून. बेरीज उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असली तर साधारण ठीक. इंजिन गरम असताना स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ पर्यंत उतरत असेल, तर हवा चोरवाटेनं शिरतेय. स्लोवर इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून ही आगंतुक हवा तिथं जास्त जाणवते. उलट लोड वाढल्यावर ट्रिमही चढत गेला, तर इंधनाचा दाब, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सर तपासा. व्ही इंजिनात पी०१७१ सोबत पी०१७४ (दुसऱ्या बाजूचा तोच कोड) आला, तर कारण दोन्ही बाजूंना सामाईक असण्याची शक्यता जास्त. आकडे पटले की स्मोक टेस्ट करून, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून, तो कुठून निघतो ते बघायचं. हे न करता सेन्सर विकणारा निदान करत नाही, माल खपवतो.

सगळ्यात मोठा डल्ला पी०४२० वर पडतो. कन्व्हर्टर महाग, आणि काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमलाही भाव असतो, म्हणजे कमाई दोन्हीकडून. आधी एक्झॉस्टची गळती बघा. मग इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर ठेवा. कन्व्हर्टरच्या पुढच्या, साध्या प्रकारच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर नाचतो, कन्व्हर्टरच्या मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहायला हवा. मागचाही तसाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकलाय. काही जण मागच्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब धरणारा तुकडा) घालून कोड दडपतात आणि बिल नव्या कन्व्हर्टरचं लावतात. गाडीखाली वाकून सेन्सर नेहमीपेक्षा बाहेर आलेला दिसतो का ते पाहा.

मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळणं) तसंच ठेवून कन्व्हर्टर बदलला तर नवाही जळतो, कारण न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतं. दिवा लुकलुकत असेल तर हेच चाललंय, अॅक्सिलरेटर सोडा. सहा किंवा आठ सिलिंडरच्या इंजिनात पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) असेल तर तिसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०५ झाला तर दोष कॉइलचा; तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन.

आता दिवा लगेच का परतत नाही? बरेच कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात. टाकीच्या वाफेची चाचणी तर थंड इंजिन आणि साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली टाकी असल्याशिवाय सुरूच होत नाही. गॅरेजवाल्याला हेच आयते दिवस मिळतात. कोड उडवला की रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी, पुसले जातात. स्कॅनरवर "अपूर्ण" दिसतात. म्हणून कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांचा) फोटो घ्या, काढलेला भाग परत मागा, आणि संबंधित मॉनिटर पूर्ण होऊनही दिवा विझलेलाच असेल तरच काम झालं समजा.

वापरलेली पिकअप घेतानाही हेच. बहुतेक मॉनिटर अपूर्ण असतील तर कोड नुकताच उडवलाय किंवा बॅटरी काढली होती. इंजिन चालू न करता चावी ऑन करा. दिवा लागायलाच हवा. लागला नाही, तर बल्ब गेलाय, काढलाय किंवा काचेमागे काळी पट्टी आहे.