भवानी मंडप की ओल्ड गोवा? बेळगावहून एका दिवसात काय बघावं

सकाळी बेळगाव सोडायचं, एखाद्या जुन्या शहराचा चौक आणि त्याभोवतीच्या इमारती निवांत बघायच्या आणि रात्री जेवायला घरी यायचं, असा बेत असला की आपल्याकडं प्रश्न दोनच ठिकाणांचा उरतो. हायवेनं कोल्हापूरचा भवानी मंडप किंवा चोर्ला घाटातून ओल्ड गोवा. अंतर दोन्हीकडं साधारण सारखंच, शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यामुळं निवड होते ती वेळेवर आणि उन्हावर.

ओल्ड गोव्याचं मोठेपण वादातीत आहे. बॉम जीझस बासिलिका या चर्चचं बांधकाम १५९४ ला सुरू होऊन १६०५ ला पुरं झालं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, तर तिच्या खालचं संगमरवरी बांधकाम इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आलेलं. समोरच्या से कॅथेड्रलचं काम १५६२ ला सुरू झालं. त्याला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ ला कोसळला आणि तो पुन्हा बांधलाच नाही. ही लंगडी बाजू लांबूनच नजरेत भरते. खानापूरकडच्या माणसाला जांभा दगड नवा नाही. पण बासिलिकेची त्याच जांभ्याची तीन मजली दर्शनी भिंत आणि तिच्यावर वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं नक्षीकाम बघितलं, की आपल्या घराच्या पायातल्या दगडाकडं बघायची नजर बदलते. या भिंतीचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. जांभा सच्छिद्र असतो, गिलावा नसला की पावसाचं पाणी पितो. पावसाळ्यानंतर जवळ जाऊन बघा, ओल चढलेले पट्टे आणि झिजलेल्या कडा स्पष्ट दिसतात.

अडचण उजेडाची आहे. सेचं तोंड पूर्वेला, बासिलिकेचं पश्चिमेला. म्हणजे सेच्या दर्शनी भागावर ऊन सकाळी असतं आणि बासिलिकेवर दुपारी तीननंतर. दोन्ही इमारती चांगल्या उजेडात बघायच्या तर मधले चार-पाच तास तिथंच काढावे लागतात. त्या वेळेत समोर असते ती हिरवळ आणि मधला रस्ता. सावली म्हणाल तर इमारतींच्या आत किंवा तुरळक झाडांखाली. एके काळी इथं दाट वस्तीचं शहर होतं. रोगराईनं ते ओस पडत गेलं, राजधानी पणजीला गेली आणि राहिल्या त्या सुट्या सुट्या इमारती. चौकाला चारी बाजूंनी जी घरं, दुकानं, ओसऱ्या लागतात, त्याच उरलेल्या नाहीत. मला ओल्ड गोव्यात खटकतं ते नेमकं हेच, आणि माझा कल ठरला तोही यामुळंच. सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापर्यंतचा चढ फार नाही, पण मार्च ते मे या महिन्यांत बारा वाजता तो चढताना घरातली वयस्कर माणसं निम्म्यावरच थांबतात.

यावर लवकर निघणं हा उपाय लागू पडत नाही. बासिलिका बघायला आत सोडतात ती नऊच्या सुमाराला, रविवारी मिस्सा (सामूहिक प्रार्थना) आटोपल्यावर साडेदहाच्या पुढं. पहाटे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात आणि थंडीत धुकं असतं, वळणं आंधळी आणि रस्त्याची अवस्था दर वर्षी वेगळी. अंधारात घाट उतरून दार उघडायची वाट बघत बसण्यात काही हशील नाही.

कोल्हापुरात त्रास उलट्या जातीचा. भवानी मंडपाच्या चौकात दिवसा दुचाकी, रिक्षा, चपलांचे आणि प्रसादाचे स्टॉल, भाविकांच्या रांगा यातून नगारखान्याकडं मान वर करून दोन मिनिटं उभं राहणं अवघड होतं. कुणीतरी हॉर्न देतंच. शनिवारी-रविवारी अकराच्या पुढं गेलात तर वास्तू बघायला आलो होतो हेच विसरायला होतं. पण या त्रासावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. बेळगाव पहाटे साडेचारला सोडा. हायवेचं काम चालू असलेल्या ठिकाणी वळवलेले रस्ते धरूनही सात वाजेपर्यंत पोचता येतं. उजळाईवाडीला हायवे सोडायचा, शाहू नाक्यावरून शहरात शिरायचं आणि गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगमध्ये लावायची. मंडपापर्यंत गाडी न्यायचा मोह टाळा. आत गेलेली गाडी नऊनंतर बाहेर काढताना अर्धा तास जातो. बिंदू चौकातच जुन्या तटबंदीचा तुकडा शिल्लक आहे, तो बघून चालत निघालात की काही मिनिटांत मंडप.

त्या वेळी चौक मोकळा असतो. नगारखान्याच्या कमानीखाली उभं राहून आधी वर बघा, मग मागं सरकत जुन्या राजवाड्याच्या अंगणात या. दगडी काम, त्यावरचे सज्जे आणि आतल्या बाजूचं लाकूडकाम यांचा मेळ अंतर बदलत बघितला तरच कळतो. मंडपात भवानीचं देऊळ आहे, ते आजही पूजेतलं. तिथून अंबाबाईचं देऊळ हाकेच्या अंतरावर.

दर्शनाची रांग लांब असेल तर मुखदर्शन घ्या आणि वाचलेला वेळ बाहेरच्या भिंतीला द्या. पुष्कळ जण नेमकी हीच भिंत न बघता परततात. काळ्या दगडाची भिंत सरळ जात नाही, कोनाकोनात मोडत जाते. त्यामुळं दर दोन पावलांवर सावलीची एक उभी रेघ पडते आणि तिच्या शेजारी वादक, नर्तकी, सुरसुंदरींच्या मूर्ती उठून दिसतात. काहींचे चेहरे झिजलेत, पण मृदंगावरची बोटं अजून मोजता येतात. आता नजर वर न्या. दगड संपतो आणि विटा-चुन्याची शिखरं सुरू होतात, ती उघडच नंतरची. संकेश्वरच्या मठाच्या शंकराचार्यांनी ती बांधवून घेतली असं सांगतात. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा हात त्या कळसापर्यंत पोचलेला आहे. देवळाचं तोंड पश्चिमेला असल्यानं नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात जातं. किरणोत्सव बघायचाच असेल तर जा; वास्तू बघायची असेल तर हेच दिवस आणि नवरात्र टाळा. मोबाईल आत चालणार नाही असं धरून फोटो बाहेरच काढा.

महाद्वारातून बाहेर पडून गुजरीतून फेरी मारली की मिसळ खायची वेळ होते. पुढं खासबाग हे कुस्तीचं मैदान (शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं) पायी पाच-दहा मिनिटांवर. मैदान रिकामं असताना कडेला उभं राहून मधल्या हौद्याकडं उतरत गेलेली बैठक बघा, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती कशी दिसते ते लगेच उमगतं. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली. उन्ह चढल्यावर भाऊसिंगजी रोडनं टाऊन हॉलकडं जायचं. १८७० च्या दशकातली चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराची इमारत, आत वस्तुसंग्रहालय, बाहेर गर्द बाग. नवा राजवाडाही मँटचाच, पण तो गाडीनं. ओल्ड गोव्यात जे चार-पाच तास उन्हात जातात, ते इथं छपराखाली आणि झाडाखाली निघतात.

वार बघून निघा. टाऊन हॉल सोमवारी बंद. ओल्ड गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद आणि शुक्रवारीच अंबाबाईला गर्दी, म्हणून शुक्रवार दोन्हीकडं नको. ओल्ड गोव्यात नोव्हेंबरच्या शेवटापासून ३ डिसेंबरच्या सेंट झेवियर यांच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) चौकात मांडव आणि जत्रा असते. एसटीनं जाणाऱ्यांनी सीमाभागात तणाव नाही ना एवढं आदल्या रात्री विचारून घ्यावं. तसं काही झालं की बसगाड्या निपाणी-कोगनोळीपर्यंतच जातात. गोव्याच्या बसमध्ये वाहकाला मार्ग विचारा. फोंड्यावरून जाणारी गाडी ओल्ड गोव्यात उतरवते, नाहीतर पणजीहून दहा किलोमीटर मागं यावं लागतं.

आतली सजावट, सोन्याचा मुलामा दिलेल्या वेद्या आणि उंच कमानी यांचंच वेड असेल, तर कोल्हापुरात तसं काही नाही, गोव्यालाच जावं. मात्र मग पणजीत मुक्काम करा. पहिल्या दिवशी तीनला पोचून बासिलिका, व्हाईसरॉयची कमान आणि सेंट कॅजेटन चर्चजवळचं आदिलशाही वाड्याचं उरलेलं दार. दुसऱ्या दिवशी सकाळी से आणि असिसीचं चर्च, आणि अकराच्या आत साखळीच्या रस्त्याला लागायचं. एकाच दिवसाची सवड असेल तर मी बिंदू चौकात गाडी लावेन.