सेलवर चालणारा सोनॉफ की भिंतीतला डीएस१८बी२०? घराचं काम काढताना तापमान सेन्सरची निवड

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की तापमान सेन्सरसाठी दोन पर्याय हमखास समोर येतात. एक सोनॉफ कंपनीचा एसएनझेडबी-०२डी: झिगबीवर, म्हणजे स्मार्ट उपकरणांच्या कमी विजेच्या बिनतारी जाळ्यावर चालतो, समोर पडदा आहे, आत सीआर२४५० सेल. दुसरा डीएस१८बी२० प्रोब: स्टीलच्या नळीतली चिप, तीन तारा, ईएसपी३२ या वाय-फायच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडायची. मत आधीच सांगतो. मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेल्या इमारतीत सोनॉफ घ्या. विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतील आणि गिलावा उघडला असेल तर दोन्ही घ्या, पण प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवा.

मिवानमध्ये आतल्या भिंतीही आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) असतात. घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवरमध्ये हाच प्रकार आहे. तिथे वायरीसाठी भिंतीत झिरी (खाच) मारू नका, वायरमन कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी. सळी उघडी पडली की गंज आलाच. वायर न्यायची तर फॉल्स सिलिंगमधून. वाशी-नेरुळची जुनी सिडको घरं किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारती असतील, तर पुट्टीच्या आधी २० मिमीची वेगळी कन्ड्युट (वायरीचा पाइप) टाकून घ्या. २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात सेन्सरची वायर घालायची नाही.

सोनॉफची अचूकता कागदावर ±०.२ अंश आणि आर्द्रतेला ±२ टक्के आहे, घरासाठी भरपूर. पडद्यामुळे मोबाइल न उघडता आकडा दिसतो, घरातल्या ज्येष्ठांना तेच आवडतं. झिगबीचा हब, म्हणजे सेन्सरचे आकडे गोळा करणारा डबा किंवा कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी डाँगल, मात्र वेगळा घ्यावा लागतो. आरसीसीच्या भिंतींत सिग्नल अडतो, म्हणून मधल्या खोलीत झिगबीचा एखादा स्मार्ट प्लग कायम चालू ठेवा. तो सिग्नल पुढे नेतो. स्मार्ट बल्बवर हे काम सोपवू नका, कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतंच. डाँगल वापरत असाल तर एक्स्टेन्शन केबलने कॉम्प्युटरपासून लांब ठेवा, यूएसबी ३.० पोर्टचा गोंगाट झिगबीच्या पट्ट्यातच पडतो.

डीएस१८बी२० फक्त तापमान सांगतो, ±०.५ अंशाने, आर्द्रता नाही. त्याची खरी जागा म्हणजे हात पोचणार नाही आणि सेल बदलता येणार नाही अशा जागा: वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला, फॉल्स सिलिंगच्या पोकळीत, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी. सगळे प्रोब एकाच लांब वायरवर ओळीने घ्या. प्रत्येक खोलीतून वेगळी वायर आणून एका ठिकाणी गाठ मारली की सिग्नल परततो आणि आकडे अधूनमधून गायब होतात. बोर्डाच्या टोकाला डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, वायर लांब असेल तर २.२. डेटा आणि ग्राउंड कॅट६ केबलच्या एकाच पिळलेल्या जोडीत. विजेची वेगळी तार न टाकता डेटाच्या तारेतूनच वीज खेचण्याची, म्हणजे दोनच तारांवर भागवण्याची सोय कागदावर आहे, पण बाजारातल्या नकली चिप त्यात हमखास अडतात. तिसरी तार टाकाच.

विजेचा हिशेब इथेच चुकतो. प्रोब जेमतेम दीड मिलिअँपिअर खातो, त्याला लांबीची चिंता नाही. ईएसपी३२ मात्र वाय-फाय पाठवताना क्षणभर ३००-४०० मिलिअँपिअर मागतो. कॅट६ची एक २४ गेजची तार मीटरला साधारण ०.०८४ ओहम, म्हणजे १५ मीटर जाऊन-येऊन अडीच ओहम. पाच व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेतच गेला आणि बोर्ड रिस्टार्ट होत राहिला. म्हणून बोर्ड राउटरजवळ, इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा आणि लांब फक्त प्रोब न्या. बोर्ड लांबच हवा असेल तर १२ व्होल्ट पाठवून तिथे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लावा. स्वस्त केबल विकत घेताना तार खरवडून बघा. आत रुपेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, विजेसाठी नको.

खोलीचा सेन्सर आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर. पश्चिमेची भिंत टाळा, ती उन्हाची ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. स्विचबोर्डाच्या वर, फ्रिजमागच्या भिंतीवर, एसीच्या झोतात नको. बोर्डाच्या डब्यात ईएसपी३२सोबत सेन्सर कोंबला तर दोन-तीन अंश सहज जास्त दाखवतो. कन्ड्युटचं तोंड सिलिकॉनने बुजवा, नाहीतर सेन्सर खोलीऐवजी सिलिंगवरची हवा मोजत बसेल. एक सोनॉफ मात्र कपाटात ठेवाच, विशेषतः पलीकडे एसीची खोली असेल तर. पावसाळ्यात ती भिंत थंड पडते, दमट हवा तिला लागली की पाणी सुटतं, आणि बुरशी कपड्यांवर दिसायच्या आधी आर्द्रतेचा आकडा ८० टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो.

पण हे सगळे आर्द्रतेचे सेन्सर सुताराचं मेलामाइन किंवा पीयू पॉलिश पूर्ण सुकल्यावरच लावा. थिनरची वाफ चिपवरच्या थरात मुरते आणि आकडा सरकतो. आंबट वासाचं सिलिकॉनही त्याच यादीत. म्हणून कन्ड्युट बुजवताना न्यूट्रल सिलिकॉन वापरा.

लावण्याआधी सगळे सेन्सर एका बंद डब्यात रात्रभर ठेवून एकमेकांतला फरक लिहून घ्या. प्रोब बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवला की शून्याजवळ यायला हवा. आणि स्क्रीनवर अचानक ८५ दिसलं तर आग लागलेली नाही: चिप चालू झाल्यावर मापन व्हायच्या आधी तोच आकडा देते, म्हणजे वीज क्षणभर तुटतेय. उणे १२७ आलं तर चिप सापडतच नाहीये. आधी सांधे बघा, प्रोब फेकू नका.